‘धीर धरा’ ह्या उपदेशाची तपासणी

‘धीर धरा व प्रार्थना करा’ ह्या पाच शब्दांइतका सर्रास दिला जाणारा सल्ला आमच्या मराठी मंडळ्यांत दुसरा क्वचितच असेल. आजाऱ्याच्या खाटेशी, नोकरी गेलेल्याच्या ओसरीवर, सासरी छळ सोसणाऱ्या मुलीच्या माहेरी पाळक व धर्मशिक्षक हाच सल्ला देतात, आणि तो शास्त्राला धरून आहे ह्याविषयी कोणाच्या मनात शंका नसते. आमच्याही मनात ती नाही. आमचा आक्षेप त्या शब्दांत जो अर्थ आम्ही भरत आलो आहोत त्यावर आहे. प्रचलित भक्तिपर पुस्तिका आणि रविवारचे उपदेश पाहिले तर धीर म्हणजे गप्प बसणे आणि प्रार्थना म्हणजे ते गप्प बसणे साधण्याचे औषध, असा समज त्यांतून दृढ होतो. हा समज पवित्र शास्त्रातून आला की अन्य कोठून, हे तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण त्याची किंमत पुष्कळदा ज्याने सल्ला दिला त्याला नव्हे, तर ज्याने तो मानला त्याला मोजावी लागते.

प्रथम शब्दांकडे पाहू. नव्या करारात ह्या विषयासाठी मुख्यत्वे दोन ग्रीक शब्द येतात. एक ‘हुपोमोने’. त्याचा धात्वर्थ ‘ओझ्याखाली टिकून राहणे’ असा आहे. दुसरा ‘माक्रोथुमिया’, म्हणजे मनाचा विस्तार लांब असणे, राग लवकर न येणे. पहिला शब्द बहुधा परिस्थितीच्या संदर्भात येतो, दुसरा माणसांच्या. रोमकरांस पत्रात पौल संकटातून जे उत्पन्न होते म्हणून सांगतो ते पहिले. गलतीकरांस पत्रातील आत्म्याच्या फळांमध्ये आहे ते दुसरे. मराठी भाषांतरांनी ह्यांसाठी प्रामुख्याने ‘धीर’ आणि ‘सहनशीलता’ हे शब्द योजले. ‘सहनशीलता’ हा शब्द नकळत सोसण्याकडे झुकतो, व त्याची छाया ‘धीर’ ह्या शब्दावरही पडते. पण मराठीत ‘धीर’ हा शब्द मुळात तसा नाही. आपण धीर धरतो, तसा धीर देतोही. कोणाचा धीर सुटतो, कोणाचा खचतो, कोणी धीराने पुढे होतो. त्यात हिंमत आहे. शिवाय तो एकाने दुसऱ्याला देता येतो, म्हणजे तो एकट्याने मनातल्या मनात जमा करण्याचा गुण नव्हे. ‘हुपोमोने’ ह्या शब्दाला आमच्या भाषेने इतका जवळचा शब्द दिला असताना उपदेश करताना आम्ही त्यातील हिंमत गाळून केवळ सोसणे ठेवतो, ही आमची करणी आहे. भाषांतरकारांना तिचा दोष देता येणार नाही.

ह्या जोडीला एक तिसरा शब्द आहे. तापीच्या खोऱ्यात, खानदेशात व त्याला लागून असलेल्या बुऱ्हाणपूर परिसरात मराठी, हिंदी, निमाडी व उर्दू बोलणारी घरे एकमेकांस लागून आहेत. तेथे लोकांच्या तोंडी ‘सबुरी’ हा शब्द असतो. तो अरबीतील ‘सब्र’पासून आला. शिर्डीच्या साईबाबांमुळे तो साऱ्या महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. सबुरीत थांबणे आहे, आणि थांबण्यात विश्वास आहे. परंतु धीरातली हिंमत तीत तितकी ठळक नाही. सीमेवरच्या मंडळीत काम करणाऱ्या धर्मशिक्षकाने हे तीनही शब्द कानाने पारखून घ्यावेत असे आम्हांस वाटते. श्रोता ‘सबुरी’ ऐकेल तेव्हा त्याला थांबावेसे वाटेल, ‘सहन’ ऐकेल तेव्हा मान खाली घालावीशी वाटेल, आणि ‘धीर’ ऐकेल तेव्हा, निदान काही श्रोत्यांना, उठून उभे राहावेसे वाटेल.

बुऱ्हाणपूरचा उल्लेख आलाच आहे, तर तेथील एका दृष्टान्ताचे परीक्षण करू. हे शहर तापीच्या उत्तर तीरावर वसले आहे. शाही किल्ल्याच्या पायथ्याशी राजघाट आहे. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मोत्सव तेथे साजरा होतो. समोरच्या तीरावर जैनाबाद. १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहलचा मृत्यू झाला, तेव्हा तिचे शव प्रथम जैनाबादच्या बागेत ठेवण्यात आले आणि सुमारे सहा महिन्यांनी आग्र्याला नेण्यात आले. त्याच शहरात कुंडी भंडारा नावाची जलव्यवस्था आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, ती बांधण्यात आली. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पावसाचे पाणी जमिनीखालून तापीकडे सरकत असते. ते वाटेतच भुयारी मार्गांनी अडवून, केवळ उताराच्या जोरावर, शहरापर्यंत आणलेले आहे. भुयारांच्या माथ्यावर ठरावीक अंतराने विहिरींसारख्या शंभरावर कुंड्या खणलेल्या आहेत.

हे पाणी थेंब थेंब झिरपते, म्हणून त्याचा दृष्टान्त धीरासाठी देण्याचा मोह उपदेशकास होणे स्वाभाविक आहे: देवाची कृपा न दिसता जमिनीखालून येत असते, आपण वाट पाहावी. दृष्टान्त सुंदर आहे, आणि अर्धाच आहे. पाणी आपोआप झिरपते हे खरे. ते शहरात आपोआप आलेले नाही. कोणीतरी त्या काळच्या हत्यारांनी, मिणमिणत्या उजेडात, खडक फोडत, उताराचे माप अचूक सांभाळत ती भुयारे खणली. खणणाऱ्यांपैकी कोणाचेही नाव आम्हांस ठाऊक नाही. राजघाटावर उभे राहिले की समोर भरपूर पाणी वाहते आहे आणि वरचे शहर तहानलेले आहे, अशी ती स्थिती होती. तिच्यावर त्या लोकांनी केलेला उपाय वाट पाहण्याचा नव्हता. दृष्टान्त द्यायचाच तर तो पुरता द्यावा. याकोबाच्या पत्रातील शेतकऱ्याचेही तसेच आहे. तो पहिल्या व शेवटच्या पावसाची वाट पाहतो, हे आम्ही आवर्जून सांगतो. परंतु त्याने नांगरले आहे, पेरले आहे, हे सांगण्याचे राहून जाते. कापसाच्या व केळीच्या ह्या प्रदेशात तरी ते राहून जाऊ नये. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे लोक मनात हसत असतील.

आता मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे वळू. आमच्याजवळ ह्या विषयावरचा एक थोर ग्रंथ आहे, आणि गमतीची गोष्ट अशी की तो ह्या विषयावर म्हणून लिहिलेलाच नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’स साहित्याच्या इतिहासात जे स्थान आहे त्याविषयी येथे बोलण्याचे कारण नाही. धर्मशास्त्राचा ग्रंथ म्हणून मात्र आम्ही तो पुरेसा वाचलेला नाही.

प्रसंग सर्वांस परिचित आहे. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका अपरिचित युरोपियन गृहस्थाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दुरावल्या; लहान मुलासह नातेवाइकांच्या आश्रयाने, काही काळ पंढरपुरास, त्यांनी दिवस काढले. सुमारे पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात त्या पतीकडे परत आल्या होत्या, पण आपले सोवळे व आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, ह्या निष्कर्षास त्या स्वतःच्या विचाराने आल्या, आणि तेथून पुढचा मार्ग मोकळा झाला.

हा वृत्तान्त आमच्या पुस्तिकांतून बहुधा ‘पतीच्या धीराचा व प्रार्थनेचा विजय’ म्हणून येतो. टिळकांच्या धीराविषयी आम्हांस आदरच आहे, आणि त्यात एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. १८६६ च्या कायद्याप्रमाणे, ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीचा जोडीदार धर्मांतराच्या कारणावरून सहवास नाकारीत असल्यास, न्यायालयातून विवाह रद्द करून घेण्याचा मार्ग उपलब्ध होता. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायातही, अविश्वासी जोडीदार स्वतः वेगळा होत असेल तर विश्वासी व्यक्ती बांधलेली नाही, असे पौल सांगतो. म्हणजे कायदा आणि शास्त्रवचन दोहोंचा आधार हाताशी असताना टिळक त्या वाटेने गेले नाहीत. ज्या स्वभावाचे चित्र लक्ष्मीबाईंनी रेखाटले आहे तो उतावळा, शीघ्रकोपी, न सांगता घरातून निघून जाणारा, हातातले देऊन टाकणारा मनुष्य ह्या एका बाबतीत पाच वर्षे थांबला. त्याच्या अंगी उपजत नव्हते असे काही येथे कार्य करीत होते, असे आम्ही मानतो. ‘माक्रोथुमिया’ म्हणजे काय हे शिकवायचे तर ह्याहून चांगले उदाहरण मराठीत सापडणे कठीण.

परंतु ‘स्मृतिचित्रे’ त्या पतीने लिहिलेली नाहीत. ज्या बाजूला थांबणे हा निर्णय नव्हता, कोसळलेले संकट होते, त्या बाजूने ती लिहिलेली आहेत. तेथे पुस्तिकांमधला धीर आढळत नाही. लक्ष्मीबाई रडतात, रागावतात, भांडतात, खचतात, आणि इतक्या वर्षांनी लिहिताना स्वतःला हसतात. आपण सोशिक होतो असे त्या भासवीत नाहीत. सोशिकपणाचे कौतुक करून घेण्याची त्यांना हौसच नाही. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकापासून सासऱ्यांच्या जाचापर्यंत जे सोसले ते त्यांनी जसेच्या तसे सांगितले आहे, व ज्याने सोसायला लावले त्याचे वागणे लपविलेले नाही. टिळकांचेही नाही. ह्या प्रामाणिकपणाला आम्ही साहित्यगुण म्हणतो आणि पुढे जातो. आमच्या मते हा धर्मगुणही आहे. स्तोत्रकर्त्यांची रीत हीच होती.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. स्वतःच्या प्रार्थनेविषयी लक्ष्मीबाई फार थोडे सांगतात. बाप्तिस्म्यापूर्वीच्या त्या वर्षांत त्या देवाशी काय बोलत होत्या, पंढरपुरात कोणत्या देवाशी बोलत होत्या, नंतर त्या बोलण्यात काय पालटले, ह्याविषयी वाचकाची जिज्ञासा बरीचशी अतृप्त राहते. टिळकांनी आपण तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले आहे. लक्ष्मीबाईंच्या वाटेचे असे नाव ग्रंथात नाही. कदाचित ज्या गोष्टीचे आम्ही वारेमाप प्रदर्शन करतो ती त्यांना झाकून ठेवावीशी वाटली असेल. प्रभूने प्रार्थनेसाठी खोलीचे दार लावून घेण्यास सांगितले होते हे आठवले, की ही उणीव फारशी बोचत नाही.

त्यांच्या प्रार्थनेचा काही अदमास ‘ख्रिस्तायना’वरून बांधता येतो. टिळकांनी हे ओवीबद्ध काव्य आरंभिले आणि सुमारे दहा-अकरा अध्याय लिहून १९१९ मध्ये ते वारले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ मध्ये, प्रसिद्ध झाला. शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर अक्षरे शिकलेल्या ह्या बाईने पतीचे अपुरे राहिलेले काम उचलले आणि ओवीमागून ओवी पुरे करीत नेले. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ सर्वत्र सारखे उतरलेले नाही, हे मान्य करावे लागेल. ‘हुपोमोने’ला मात्र आम्ही दाखवू शकतो त्यांपैकी हे एक ठळक चित्र आहे. त्यात वाट पाहणे जवळजवळ नाहीच.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीतही आमच्या सांगण्याची तऱ्हा अशीच एकांगी आहे. १९०५ च्या जानेवारीत केडगावच्या मुक्तिसदनात सुमारे सत्तर जणींनी रोज एकत्र प्रार्थना सुरू केली, संख्या वाढत गेली आणि जूनअखेर तेथे जागृती झाली, हे प्रत्येक उजळणी-सभेत सांगितले जाते. त्याच मुक्तिसदनात त्या सुमारास रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठी बायबलचे भाषांतर हाती घेतले. सामान्य बाईला समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. ते काम १९२२ पर्यंत चालले. मुलींना खिळे जुळविण्यास शिकवून, आपल्याच छापखान्यात, मुद्रितामागून मुद्रित तपासून त्यांनी ते पुरे केले. मधेच, १९२१ मध्ये, एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी प्रार्थना रमाबाईंनी शेवटी केली, असे मुक्तीच्या आठवणींतून सांगितले जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. जागृतीची गोष्ट सांगण्यास पाच मिनिटे पुरतात आणि ती ऐकून डोळे ओले होतात. सतरा-अठरा वर्षे चाललेल्या त्या कामाची गोष्ट कोणी सांगत नाही. त्यामुळे प्रार्थना म्हणजे सहा महिन्यांत उत्तर, असे श्रोत्यांस वाटले तर नवल नाही.

आता ज्या वचनावर हा सारा उपदेश उभा असतो त्याकडे. लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील विधवेचा दाखला प्रार्थनेत न खचण्याविषयी आहे, असे लूक आरंभीच सांगतो. आम्ही त्यावरून ‘प्रार्थना सोडू नका’ असा बोध काढतो, आणि तो योग्यच आहे. पण दाखल्यातील बाई काय करते? ती न्याय मागते. तिचा कोणी प्रतिवादी आहे. त्याने तिचे काही बळकावले असावे. ती घरी बसून न्यायाधीशाचे मन पालटेल म्हणून थांबत नाही. ती पुनःपुन्हा त्याच्या दारी जाते, इतकी की तो कंटाळतो. आणि तेथे लूकने योजलेल्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ ‘डोळ्याखाली ठोसा मारणे’ असा आहे. प्रभूने प्रार्थनेचा धडा देण्यासाठी जी बाई निवडली ती सोशिक नाही, चिवट आहे. आमच्या मंडळीत ती आली असती तर तिला आम्ही काय सांगितले असते, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवतो. बहुधा ‘बाई, जरा धीर धरा’ असेच.

हा निव्वळ शब्दांचा वाद नव्हे. पतीकडून मार खाणारी स्त्री पाळकाकडे येते, तेव्हा तिच्या घरचे आणि कधी मंडळीतले वडीलजनही ‘धीर व प्रार्थना’ ह्यांचा उपदेश तिला करतात. पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय सोबतीस असतो. ज्याने हात उचलला त्याला कोणी ‘माक्रोथुमिया’ शिकवीत नाही. वस्तुतः राग आवरणे हा त्या शब्दाचा अर्थ पाहिला तर त्या घरात त्या उपदेशाची गरज कोणाला आहे हे उघड आहे. अशा स्त्रीबरोबर प्रार्थना अवश्य करावी. मग तिच्याबरोबर डॉक्टरकडे, आणि ती म्हणेल तर संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे. २००५ च्या घरगुती हिंसाचारविषयक कायद्याने तशी व्यवस्था केलेली आहे आणि दंडाधिकारी संरक्षणाचा आदेश देऊ शकतात. विधवेने अन्यायी न्यायाधीशाचे दार ठोठावले, तर आमच्या मंडळीतील बहिणीने कायद्याचे दार ठोठावण्यात अविश्वास कसा होतो? टिळकांनी कायद्याचा मार्ग सोडला हे उदाहरण येथे कोणी पुढे करील, म्हणून स्पष्ट करतो: टिळकांनी आपला हक्क सोडला. दुसऱ्याच्या हक्कावर त्यांनी पाणी सोडायला लावले नाही. स्वतः धीर धरणे आणि दुसऱ्यावर तो लादणे ह्यांत अंतर आहे, ते पाळकाने विसरू नये.

प्रार्थनेविषयी आणखी एक मुद्दा उरतो. देवापुढे तक्रार करणे म्हणजे अविश्वास, असे आमच्या लोकांना वाटते. आम्हीच त्यांना तसे शिकविले आहे. ईयोबाच्या धीराचा दाखला याकोब देतो, आणि आम्ही ईयोबाचे पहिले दोन अध्याय वाचून थांबतो. तिसऱ्यापासून ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला न्यायासनापुढे बोलावू पाहतो. आणि शेवटी देव मित्रांवर रागावतो, ईयोबावर नव्हे. जे नीट बोलले नाहीत ते त्याला गप्प राहण्याचा उपदेश करणारे होते. इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रभूच्या प्रार्थनेचे वर्णन आहे: मोठा आक्रोश आणि अश्रू. ती प्रार्थना ऐकली गेली असे तेथे म्हटले आहे, आणि तरी प्याला टळला नाही. पौलाने आपल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही, उत्तर मिळाले. ‘ऐकली जाणे’ आणि ‘मनासारखे होणे’ ह्यांतला फरक आम्ही लोकांना सांगितला पाहिजे, आणि तो बरे झालेल्यांच्या साक्षींमधून सांगता येत नाही.

आमच्या गायनसंग्रहात शोकाची गीते आहेत, पण ती अंत्यविधीसाठी राखून ठेवलेली असतात. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे इतर कोणत्याही प्रकाराहून अधिक आहेत. आमच्या रविवारच्या वाचनांत तेविसावे, शंभरावे आणि एकशे एकविसावे आलटून पालटून येते. धर्मशिक्षकांस आमची एक सूचना आहे. पुढील महिन्यात एका रविवारी तेरावे स्तोत्र आणि दुसऱ्या रविवारी अठ्ठ्याऐंशीवे वाचून पाहावे. तेराव्याचा शेवट भरवशाने होतो, तेव्हा त्यात अडचण येणार नाही. अठ्ठ्याऐंशीवे अंधारात संपते. त्याला सांत्वनाची शेवटची ओळ नाही. वाचून झाल्यावर तिची भरपाई करण्यासाठी लगेच दुसरे वचन जोडू नये. थोडा वेळ शांत बसावे आणि नंतर ज्यांना मोठ्याने प्रार्थना करायची असेल त्यांना करू द्यावी.